डामोला हाक कुणी दिली

अव्हेंटाइन टेकडीवर अजून सांगतात, की वारेनसच्या माणसांनी स्पुरियस तापोला मधाच्या दारूतून वितळलेलं शिसं पाजलं, त्याची जीभ जळाली आणि रोममधला सगळ्यात मोठा आवाज कायमचा गेला. पाणवठ्यावरची एक बाई तर सांगते, की त्याच्या नाकातून धूर निघताना पाहिलाय. तिला विचारलं, "मावशी, तू कुठे होतीस तेव्हा?" तर म्हणते, "मी नव्हते रे, माझी जाऊ होती." जाऊबाई ते सबंध साल ऑस्टियाला माहेरी होत्या.

सगळं खोटं आहे. तापोकाकाची जीभ जागच्या जागी आहे. परवाच तिने आमच्या हरभऱ्यांचा उद्धार केला. टेकडीच्या पायथ्याशी आमचा उकडलेल्या हरभऱ्यांचा ठेला आहे, तिथे काका रोज सकाळी एक वाडगा घेतो. "हे उकडलेत, की नुसतं पाण्याला तोंड दाखवून आणलेत?" असं तो बाबांना म्हणाला आणि वाडगा चाटूनपुसून संपवला. म्हणजे तो बोलतो. घरात बोलतो, ठेल्यावर बोलतो, धक्क्यावर बरोबरच्या हमालांशी बोलतो. ऐकणारी माणसं चारपाचांच्या वर गेली, की मात्र तो गप्प होतो. शिसं त्याला कुणीही पाजलेलं नाही. जे झालं त्यात वारेनसपेक्षा माझा हात जास्त आहे, म्हणून ते मीच सांगायला हवं.

तापोकाका दवंडीवाला होता. त्याचा बापही दवंडीवाला. गाढव हरवलं, लिलाव निघाला, माणूस मेला, मोठ्या चौकात सभा भरली, की काकाला बोलावणं यायचं. सभेत त्याचं काम एवढंच, की ओट्यावर चढायचं, "गप्प बसा!" म्हणून ओरडायचं, आता कोण बोलणार त्याचं नाव पुकारायचं आणि बाजूला व्हायचं. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांची नावं पुकारली. ओट्यावर स्वतः बोलायचं तर एखाद्या ट्रिब्यूनने बोलावलं पाहिजे. आम्हा साध्या लोकांच्या बाजूने भांडायला निवडलेले हे दहा जण, पण त्यांनाही दवंडीवाल्याला बोलवावंसं कशाला वाटेल?

आवाज मात्र असा, की त्याने खाली धक्क्यावर हरवलेल्या गाढवाचं वर्णन केलं तर वर देवळापाशी उभं असलेलं ते गाढव आपणहून घरी जायचं. हे बाबांचं म्हणणं. मी तो आवाज सहा वर्षांचा असल्यापासून काढतो. त्याची किल्ली घशात नाही. मोठं वाक्य टाकायच्या आधी काका थांबायचा, उजवा तळवा पोटावर ठेवायचा, शिजत आलेल्या कालवणाचा वास घ्यावा तसा नाकाने एकदा हुंगायचा आणि मग शब्द सोडायचा. त्या हुंगण्यातच अर्धं काम व्हायचं. मी ठेल्यामागे उभा राहून हुंगून "हर-भ-रे!" म्हटलं, की रस्त्याने चाललेली माणसं थबकायची. काकाने एकदा ते ऐकलं. मला वाटलं, आता कान पिरगाळणार. तर म्हणाला, "दातऱ्या, हुंगतोस झकास. पण श्वास छातीत घेतोस. पोटात घे, नाहीतर दम लागेल." माझं नाव ब्रोक्कस. पुढचे दोन दात जरा आधीच बाहेर पोचलेत, म्हणून सगळी टेकडी मला दातऱ्याच म्हणते.

आता काका वर कसा चढला ते सांगतो. चौकात गर्दी फार झाली, की मागच्यांना काही ऐकू जात नाही. मागे म्हणजे आम्ही, टेकडीवरचे आणि धक्क्यावरचे. अशा वेळी दवंडीवाल्याने गर्दीच्या मध्यावर उभं राहायचं आणि ओट्यावर जे बोललं जाईल ते एकेक वाक्य मागच्यांना मोठ्याने सांगायचं, अशी पद्धत आहे. त्या वर्षी रुटिलो नावाचा ट्रिब्यून धान्यावर बोलत होता. माणूस सरळ, पण आवाज डासाचा.

रुटिलो म्हणाला, "नागरिकहो, धान्याच्या साठवणीत काही उणिवा दिसून आल्या आहेत."

काकाने पोटावर हात ठेवला, हुंगलं, आणि आमच्याकडे तोंड करून म्हणाला, "ते म्हणतायत, कोठारात उंदीर झालेत! आणि त्यातले काही दोन पायांवर चालतात!"

मागे हशा. पुढचे माना वळवून बघायला लागले, की मागे असं काय चाललंय. रुटिलो गोंधळला, पण बोलत राहिला, "याची योग्य ती चौकशी करण्यात येईल."

"ते म्हणतायत, उंदराची चौकशी करायला मांजर पाठवणार! मांजर कुणाच्या घरची, ते आधी आपण विचारू!"

सभा संपेपर्यंत पुढच्यांनीही ओट्याकडे पाठ केली होती. रुटिलोने काकाला बोलावून घेतलं. मी बाबांच्या टोपलीमागे उभा राहून सगळं ऐकलं.

"हे मी म्हणालो होतो?"

"नाही, साहेब."

"मग?"

"मागे वारा उलटा होता. जेवढं पोचलं तेवढं सांगितलं."

रुटिलोला हसू आलं. मग म्हणाला, "पुढच्या सभेला तू सरळ वरच ये. मध्ये माझी अडगळ कशाला?"

असा तापोकाका वक्ता झाला. दुसऱ्या की तिसऱ्या भाषणानंतर डामो ठेल्यावर आला. डामो नाटकात पावा वाजवायचा. जन्माने ग्रीक, अर्धं आयुष्य कुणाच्या तरी मालकीचं होतं, उरलेलं त्याने स्वतःचं करून घेतलं होतं. हरभरे चघळत तो काकाला म्हणाला, "बोलतोस छान. पण रागावलास की तुझा आवाज बकरीसारखा छपरावर चढतो."

"चढू दे. तुला काय करायचंय?"

"खाली उतरवायचाय."

तेव्हापासून काका बोलायला उभा राहिला, की डामो त्याच्या पाठीशी उभा. हातात वीतभर लांबीचा पावा. काकाचा आवाज चढला की तो खालचा सूर हलकेच फुंकायचा, पडला की वरचा. फार तर पहिल्या दोन ओळींना ऐकू जायचं. दोघं भांडायचे नवराबायकोसारखे.

"काल तू उशिरा फुंकलंस."

"उशिरा? तीनदा फुंकलं! तू ऐकशील तर ना. आपला चढतोयस, चढतोयस."

"लोक टाळ्या वाजवत होते."

"टाळ्या बकरीलाही वाजवतात. आणि हे बघ, मी मेलो की माझ्या मयताची हाक तूच द्यायची. दुसऱ्या कुणी दिली तर मी तिरडीवर उठून बसेन."

"उठून बसलास तर पाव्यासकट परत झोपवीन."

चार वर्षं हे चाललं. धक्क्यामागच्या आमच्या खोल्या, तीनशे घरं, पाडून तिथे कोठारं बांधायचं वारेनसच्या मनात होतं. औलस वारेनस हा श्रीमंत माणूस. बोलायला गोड, बघायला देखणा. दोनदा त्याने तो विषय सभेपुढे आणला आणि दोनदा काकाने तो हसवून, रडवून परतवला. दोन्ही वेळा रुटिलोने काकाला वर बोलावलं म्हणून ते जमलं. रुटिलो दर साली परत निवडून येत होता, पण या खेपेला तो उभा राहणार नव्हता आणि वारेनस स्वतःच ट्रिब्यून व्हायला निघाला होता. तो निवडून आला, की त्याच्या धाकापुढे काकाला ओट्यावर बोलावणार कोण?

"तूच उभा राहा," बाबा म्हणाले. सगळी टेकडी म्हणाली. "ट्रिब्यून झालास की कुणाच्या बोलावण्याची वाट बघायला नको."

काका उभा राहिला. उमेदवाराने पांढराशुभ्र टोगा पांघरायचा असतो, म्हणून वेलियाकाकूने तो खडूने घासून घासून असा पांढरा केला, की आठवडाभर त्यांच्या घरच्या पेजेत खडू लागत होता. पण निवडणूक घेणाऱ्या रुटिलोकडे नाव नोंदवायला गेला तेव्हा तो म्हणाला, "तापो, तक्रार आली आहे. दवंडीचा धंदा करणाऱ्याला या पदाला उभं राहता येत नाही. धंदा सोडल्याची शपथ घ्यावी लागेल." तक्रार कुणाची, ते विचारायची गरज नव्हती. वारेनस बाजूलाच उभा राहून आकाशातले पक्षी बघत होता.

काकाने गारगोटी हातात घेतली आणि सगळ्यांसमोर शपथ घेतली. लिलावाची, हरवल्याची, मयताची, कसलीही हाक यापुढे जन्मात देणार नाही. जाणूनबुजून शपथ मोडली, तर हा दगड मी जसा फेकतोय तसं ज्युपिटरने मला फेकून द्यावं. आणि त्याने दगड फेकला. तो जाऊन एका ऑलिव्हवाल्याच्या रांजणावर आदळला. "देवाचं नंतर बघू," ऑलिव्हवाला ओरडला, "माझा रांजण कोण भरून देणार?" चौकभर हशा उसळला. सगळ्यात जास्त काका हसला.

मतदानाला नऊ दिवस राहिले असताना डामो नदीकाठच्या तापाने गेला.

मी वेलियाकाकूला हरभरे द्यायला गेलो होतो, तेव्हा डामोची बायको फिलेमा दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. म्हणाली, "भाऊजी, चला."

काकाने टोगा काढून ठेवला. "येतोच, वहिनी. खांदा मी देतो. पण हाक दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांग. मी शपथेत अडकलोय."

"दुसऱ्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, तापोच्या माणसांची कामं घेऊ नका असं वारेनससाहेबांनी सांगितलंय."

"मग हाकेशिवायच नेऊ. गुपचूप."

"गुपचूप?" फिलेमा म्हणाली. "चोरीचा माल नेतात तसं?"

मग तीच म्हणाली, "शेवटी शेवटी एकच विचारत होता. तापो आला का, तापो आला का. मी म्हटलं, सभेत आहे, येईल."

वेलियाकाकू चुलीपासून उठली नाही. "स्पुरियस," ती म्हणाली, "नऊ दिवस राहिलेत. तीनशे घरं आहेत."

"माहीत आहे."

"माहीत आहे ना? मग झालं."

डामोला घरातून बाहेर काढलं तेव्हा गल्ली रिकामी होती. म्हणजे माणसं होती, पण आपापल्या कामात. चांभार टाके घालत होता. कुणीतरी कोंबडीवरून हुज्जत घालत होतं. हाक दिली नाही तर मयत निघालंय हे कुणाला कळणार? खांद्याला चौघं, मागे फिलेमा, तिच्या मागे मी. ज्या माणसाने चार वर्षं आमच्यासाठी पावा फुंकला, त्याच्यामागे आम्ही दोघं.

काका पुढे डावीकडे होता. दहाबारा पावलं गेला असेल. मग थांबला, इतका अचानक की तिरडी कलली. त्याने उजवा तळवा पोटावर ठेवला. हुंगलं नाही. मी बरोबर लक्ष ठेवून होतो, त्या दिवशी त्याने हुंगलं नाही.

"हा नागरिक, डामो, मृत्यूच्या हवाली झाला! ज्यांना सवड असेल त्यांनी चला, वेळ झाली आहे! त्याला त्याच्या घरातून नेत आहेत!"

पाठीशी पावा नव्हता, तरी सूर जिथे हवा तिथे लागला. ना चढला, ना पडला. मी त्याची शेकडो भाषणं ऐकली आणि शेकडो वेळा त्याची नक्कल केली, पण ती हाक मला नीट जमायला वर्ष लागेल असं तेव्हा वाटलं. चांभाराने टाका अर्ध्यावर सोडला. दारं उघडली. नाटकातली माणसं रंग लावलेल्या तोंडांनी धावत आली. वेशीपर्यंत पोचेतो मागे दोनशे माणसं होती.

चौथ्या दिवशी वारेनसने भर सभेत तक्रार मांडली. तापोने शपथ मोडली, नाव काढून टाका. रुटिलोचं तोंड कडू झालं, पण त्याला विचारणं भाग होतं. "त्या गल्लीतलं कुणी आहे इथे? हाक कुणी दिली?"

आमची गल्ली म्हणजे काय सांगू. एक आजी म्हणाली, "मी बहिरी आहे, बाळा." रुटिलोने प्रश्न परत विचारला, तर म्हणाली, "एकदा सांगितलं ना, बहिरी आहे!" चांभार म्हणाला, "हाक? कसली हाक? मी सहज बाहेर पडलो, तर पुढे तिरडी चाललेली."

"दोनशे माणसं सहज बाहेर पडली?" वारेनस म्हणाला.

"हवा छान होती, साहेब."

लोक हसत होते. पण मी काकाकडे बघत होतो. त्याने एक पाऊल पुढे टाकलं होतं. तोंड उघडलं होतं. तो काय बोलणार होता ते मला आज पक्कं माहीत आहे. तेव्हा मला एवढंच दिसलं, की हा माणूस आता कबूल करणार आणि सगळं संपणार.

"मी दिली!" मी ओरडलो.

मला उचलून ओट्यावर ठेवलं. रुटिलो म्हणाला, "तू? तुझ्याकडे कुठला तसा आवाज?"

म्हणून मी दाखवला. तळवा पोटावर, आणि "हा नागरिक, डामो!" अशी ठोकून दिली. चौक चिडीचूप झाला. तिथे काका आणि मी शेजारी शेजारी उभे होतो, आणि डोळे मिटून ऐकणाऱ्याला कोण कुठला ते कळलं नसतं. मागून कुणीतरी ओरडलं, "अजून काढ!"

तिथे थांबायला हवं होतं. काम झालं होतं. पण पुढे हजारो माणसं होती, आणि सगळी माझ्याकडे बघत होती. मी हुंगलं. पहिला हशा आला. मी पुन्हा हुंगलं, जरा लांबवून, मग पोटावर थाप मारली, मग "नागरिकहो, उंदीर!" मग बकरी छपरावर चढते तसा आवाज चढवला आणि मागे वळून, पावा ऐकल्यासारखं करून, झर्रकन खाली आणला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. रुटिलो डोळे पुसत होता. "पुरे, पुरे," तो म्हणाला, "तक्रार निकालात निघाली."

काका पाऊल पुढे टाकल्या जागीच उभा होता. तोंड मिटलेलं. मी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, "वाचलास, काका!"

तो म्हणाला, "हो." एवढंच.

मतदानाच्या आदल्या दिवशी तो शेवटचं भाषण करायला उभा राहिला. आमची तीनशे घरं मागे दाटीने उभी होती. त्याने सुरुवात चांगली केली. पहिलं मोठं वाक्य आलं, तो थांबला, तळवा पोटावर गेला, आणि त्याने हुंगायच्या आतच मागून कुणीतरी हुंगलं.

हशा.

तोही थोडं हसला. परत सुरुवात केली. आवाज चढायला लागला. पाठीशी कुणी नव्हतं, त्याने एकदा मान किंचित मागे वळवली, सवयीने. तेव्हा तर लोक पोट धरून हसले, कारण ते मी त्यांना दाखवून ठेवलं होतं. त्याने हात पोटावरून काढला, तरी हसले. हात पाठीमागे बांधला, तरी हसले. खोल्यांचं बोलत होता. लहान पोरं, चुली, नदीचं पाणी चढतं तेव्हा काय होतं ते. मध्येच थांबला आणि ओट्यावरून उतरला.

वारेनसने माणसं पेरली होती असं नंतर पुष्कळ जण म्हणाले. पेरली नव्हती. पहिला हुंगणारा कोण ते मला दिसलं. आमचा चांभार. दुसऱ्या दिवशी त्याने मत काकालाच दिलं. त्याला नुसती गंमत वाटली होती, मला वाटली होती तशीच.

मत गटागटाने मोजतात; पस्तीस गटांपैकी सहा काकाच्या बाजूने गेले. वारेनस ट्रिब्यून झाला.

"जाऊ दे," बाबा म्हणाले. "आता परत दवंडी धर. शपथ निवडणुकीपुरती होती."

"दगड फेकताना मी तसं म्हणालो नव्हतो," काका म्हणाला, आणि धक्क्यावर तेलाचे बुधले वाहायला लागला. पन्नाशीच्या माणसाने. मला त्याने कधी एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर मला झोप तरी लागली असती.

पुढच्या हिवाळ्यात वारेनसने खोल्यांचा विषय तिसऱ्यांदा काढला. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी मी धक्क्यावर गेलो. काका बुधल्यांवर टेकून पाव खात होता.

"काका, उद्या तू बोलशील."

"मला कोण बोलावतोय?"

"वारेनस. लोकांना सांगत फिरतोय, की तापोला वर बोलावणार आहे. मजा होईल म्हणतो."

"मग होऊ दे की मजा. पण मी बोलणार नाही."

"तुझीच खोली पाडणार आहेत. वेलियाकाकूची चूल. आमचं घर. तू गप्प बसूच शकणार नाहीस. लाव पैज."

"दातऱ्या, उगाच हरशील."

"हरलो तर तू सांगशील ते करीन. जिंकलो तर तू रोज दोन वाडगे हरभरे खायचे, आणि नावं न ठेवता."

तो हसला. त्याने पावाचा तुकडा माझ्या हातात ठेवला आणि पैज घेतली.

खरं सांगतो, मी घरोघर फिरलो. चांभाराकडे गेलो, आजीकडे गेलो, नाटकवाल्यांकडे गेलो. कुणी हुंगायचं नाही, कुणी हसायचं नाही. चांभार तर रडला. दुसऱ्या दिवशी वारेनसच्या नव्या दवंडीवाल्याने ओट्यावरून नाव पुकारलं, "स्पुरियस तापो!" आणि सगळा चौक गप्प झाला. लोकांनी मागे सरून वाट मोकळी केली. कुणी हसलं नाही. खोकणाऱ्याने खोकला दाबला. काका खांद्यावर बुधला घेऊन गर्दीच्या कडेला उभा होता. त्याने बुधला खाली ठेवला. मी मनात म्हटलं, जिंकलो.

त्याने लोकांकडे बघितलं. मला वाटतं, एकेकाकडे बघितलं. मग खाली वाकला, बुधला परत खांद्यावर घेतला आणि नदीकडे चालू लागला. नवा दवंडीवाला दुसऱ्यांदा नाव पुकारून गेला, तिसऱ्यांदा पुकारायला त्याचा धीर झाला नाही.

वसंत यायच्या आत खोल्या पडल्या. आम्ही आता टेकडीच्या पलीकडे सहाव्या मजल्यावर राहतो. काका आणि काकू आमच्या वरच्या मजल्यावर. पाणी वर न्यायला सत्याऐंशी पायऱ्या.

पडापड चालली होती, तेव्हा मी पैज चुकवायला गेलो. काका आपल्या खोलीच्या चौथऱ्यावर बसला होता, फक्त चौथराच उरला होता. मी म्हटलं, "काका, मी हरलो. सांग काय करू."

त्याने सरकून चौथऱ्यावर माझ्यासाठी जागा केली.

"तू का बोलला नाहीस?" मी विचारलं. "कुणी हसलं नसतं. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं."

"माहीत आहे. म्हणूनच." मग म्हणाला, "डामोची हाक दिली त्याचं मला वाईट वाटत नाही. देवाने फेकायचं तर फेकावं, तो हिशोब त्याचा माझा. पण रुटिलोने विचारलं, तेव्हा मी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबलो. लोक हसत होते, तू मला वाचवत होतास, आणि मला बरं वाटलं. सांगतो तुला, बरं वाटलं. जन्मभर ओरडलो, त्यात एकच वाक्य माझं स्वतःचं होतं, आणि तेच गिळलं. आता त्या ओट्यावर चढून मी दुसरं काय बोलू?"

मी चौथऱ्यावरची माती बोटाने उकरत राहिलो.

"पैज हरलास ना?" तो म्हणाला. "मग माझ्या आवाजात ते वाक्य म्हण. मला ऐकायचंय कसं लागलं असतं."

"इथे?"

"इथेच. उभा राहा."

मी उभा राहिलो. समोर कुदळी चालवणारे चारदोन मजूर होते आणि पलीकडे नदी. तळवा पोटावर ठेवला, हुंगलं नाही, आणि जेवढा आत होता तेवढा तापोकाका बाहेर काढला.

"रुटिलो! हाक मी दिली! डामो माझा माणूस होता!"

मजुरांनी कुदळी थांबवल्या. काकाने डोळे मिटले होते. त्याचे ओठ माझ्याबरोबर हलले होते, आवाज न करता.

"मध्ये श्वास घेतलास," तो म्हणाला. "हाकेनंतर. मी तिथे श्वास घेतला नसता. परत म्हण."

मी परत म्हटलं.